बेगमचे पाय

माझ्या खोलीच्या दारासमोर एके दिवशी ट्रॅक्टरभर मुरूम येऊन पडला. मी नुकतीच शाळेतून आले होते. हातात तपासायच्या पेपरांचा गठ्ठा, डोकं ठणकत होतं, आणि स्कूटी लावायला जागा नाही. ढिगाशेजारी आमचे घरमालक फावडं घेऊन उभे. खाकी पँट, पायात मोजे, त्यावर पॉलिश केलेले काळे बूट. ऊन असं की कावळेसुद्धा सावलीला बसलेले.

"काका, हे काय?"

"रस्ता," ते म्हणाले. "बेगमसाठी. तुमी गाडी तिकडं भिंतीकडं लावत जा, मॅडम. थोडी तकलीफ होईल."

थोडी! पुढचं वर्षभर माझ्या चपलेत, पोळपाटावर, अंथरुणात, जिथे हात घालीन तिथे मुरूम सापडायचा. सेनगाव तालुक्यातल्या त्या गावात मी शिक्षिका म्हणून आले तेव्हाच थकलेली होते. एका बदलीतून दुसऱ्या बदलीत, मतदार याद्यांच्या कामातून जनगणनेच्या कामात, आणि मधे जमलं तर शिकवणं. मला फक्त एक शांत खोली हवी होती. मिळाली ती घोडीच्या शेजारी.

काका एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. साऱ्या नोकरीत त्यांनी माणूस सोडा, कुत्रंही उडवलं नव्हतं, असं काकू सांगायच्या. काकू म्हणजे त्यांची बायको. काका निवृत्त झाले आणि घरात काही न विचारता एक पांढरी घोडी घेऊन आले. वरातीची घोडी. जाफराबादकडच्या एका म्हाताऱ्या मुसलमान मालकाकडून आणलेली. नाव तिथूनच आलेलं, बेगम. "तिचं लहानपण हिंदीत झालं," काका सांगायचे, "आता म्हातारपणी तिला मराठी काहून शिकवायची?" म्हणून ते तिच्याशी हिंदीत बोलत. म्हणजे त्यांना जी येई ती हिंदी. आणि तिला 'आप' म्हणत. काकूंना ते आयुष्यात कधी 'अहो' म्हणाले नसतील. काकू भाकरी थापता थापता म्हणायच्या, "मला 'ए' आन् तिला 'आप'. घ्या!"

बेगमला चालवायचं असलं की काका दोनदा टाळी वाजवायचे. डबल बेल. थांबवायचं असलं की एकदा. ती थांबायचीसुद्धा, बया.

बूट-मोज्यांचं त्यांचं जे होतं ते अजब होतं. मे महिन्यातही मोजे. ड्रायव्हरचं पोट त्याच्या पायावर असतं, पाय सांभाळले पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं. रात्री पायांना खोबरेल लावायचे आणि सकाळी पुन्हा मोज्यात कोंबायचे. त्यामुळे त्यांनी बेगमचे नाल काढले तेव्हा गावाला बोलायला आयतंच सापडलं. स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर मी स्वतः ऐकलं, "ह्यो बघा, सोता बूट घालून फिरतंय आन् घोडीला उघड्या पायानं!" काका हसले. त्यांना राग यायला वेळ लागायचा.

नाल काढायचं कारण असं झालं. वर्षानुवर्षं डांबरी रस्त्यावर, बँडसमोर नाचून नाचून तिचे पुढचे दोन्ही पाय बिघडले होते. नालबंद कनेरगाव नाक्याकडून यायचा, जुन्याच भोकांत खिळे ठोकून जायचा, आणि खूर कडेनं ढासळत चाललेला. दिवाळीनंतर ती लंगडायला लागली. मग एक दिवस उठेचना. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई आल्या. तरुण होत्या, स्पष्ट बोलायच्या. त्यांनी खूर दाबून बघितला आणि म्हणाल्या, "काका, नाल काढा. पुन्हा ठोकू नका. खूर नखासारखा वरून खाली वाढतो. नवा खूर पूर्ण खाली यायला वर्ष लागेल. तोवर ओझं नाही, डांबर नाही, नाच नाही. आणि गूळ, हरभरा, गोड काही नाही. ती उष्णता थेट पायात उतरते."

"वर्ष?" काका म्हणाले. "मॅडम, मे मध्ये पोराचं लग्न हाय."

"मग पोराला जीपमध्ये बसवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि गेल्या. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत.

मलाही नव्हतं. मला ते नंतर कळलं, काका कानस घेऊन बेगमच्या खुराची कड गोल करत होते तेव्हा. मी तिचा पाय धरायला बसले होते, कारण काकूंची कंबर धरली होती आणि दुसरं कुणी नव्हतं. पाय धरून धरून माझे हात भरून आले होते. काका खाली मान घालून घासत होते आणि अचानक सांगायला लागले. त्यांच्या थोरल्या भावाचं लग्न. वस्तीतून वरात निघाली. घोड्याचा प्रश्नच नव्हता, घोड्याचं नाव काढायची कुणाची छाती नव्हती. नवरदेव बैलगाडीत. वरच्या आळीच्या वळणावर माणसं काठ्या घेऊन उभी होती. म्हणाली, इथून पुढं बाजा बंद. आळी संपेपर्यंत. आणि नवरदेवानं खाली उतरायचं. "भाऊ उतरला," काका म्हणाले. "मी लहान होतो, मला वाटलं काही सांडलं म्हणून उतरला. खाली बघत चालून राहिला होता ना. नुसते पाय वाजत होते सगळ्यांचे. बाजेवाले वाद्यं काखेत धरून." मग त्यांनी कानस पालथी केली आणि घासायला लागले. "त्याच्या लग्नाचं मला बाकी काही आठवत न्हाई, मॅडम."

हे त्यांनी एकदाच सांगितलं. मागचं विचारलं की ते म्हणायचे, ड्रायव्हरनं मागचं आरशात बघावं, मान वळवून बघितलं की गाडी झाडावर. आणि खरं सांगायचं तर आता गावही ते राहिलं नव्हतं. वरच्या आळीतली पोरंही लग्नाला बेगमच मागायची. काका सगळ्यांना द्यायचे. ज्या वळणावर भाऊ उतरला होता त्या वळणावरून बेगम कितीतरी नवरदेव घेऊन नाचत गेली, त्यांच्या वस्तीतले आणि वरच्या आळीतलेही, आणि काका बूट घालून पुढे चालायचे. फक्त स्वतःचं पोरगं तेवढं त्यांना त्या पाठीवर बसलेलं बघायचं होतं. बँड वाजत, वरच्या आळीतून. त्यासाठीच घोडी आणली होती, हे काकू मला म्हणाल्या. काकांनी ते कधी बोलून दाखवलं नाही.

तर वर्ष नव्हतंच हातात. पण काकांनी मनाशी धरलं की पोरगी मे पर्यंत उभी राहील. (बेगमला ते कधी पोरगी म्हणायचे, कधी बाईसाहेब.) मग सुरू झालं ते ट्रेनिंग. आधी काळ्या मातीवर चालवायचं, मऊ म्हणून. नंतर वाळू. नंतर बारीक मुरूम, तो माझ्या दारासमोर. नंतर जाड. पायांना सवय व्हावी, खालचा तळवा घट्ट व्हावा म्हणून. रोज थोडं थोडं. टायर कापून चपला करून घेतल्या स्टँडवरच्या चांभाराकडून, त्या तिनं अशा झटकल्या की एक माझ्या धुण्याच्या बादलीत पडली. मी बादलीकडे बघितलं, चपलेकडे बघितलं, आणि पाणी पुन्हा भरून आणलं.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, चालताना टाच आधी टेकली पाहिजे, टोक आधी टेकलं म्हणजे दुखतंय. आता टाच आधी टेकते की टोक, हे बघायचं कसं? काका एके सकाळी सरळ मुरमावर पालथे झोपले. बूट-मोज्यांसकट. गाल जमिनीला टेकवून, एक डोळा मिटून. आणि काकूंना म्हणाले, आण तिला चालवत. रस्त्यानं जाणाऱ्या दोघा बायकांनी ते बघितलं आणि बोंब ठोकली, ड्रायव्हर पडले, ड्रायव्हर गेले! घागरीभर पाणी घेऊन माणसं धावत आली. काका तसेच पडल्या पडल्या ओरडले, "व्हा बाजूला! टाच दिसून न्हाई राहिली!" त्या दिवशी मी कितीतरी महिन्यांनी पोटभर हसले. शाळेत पोचायला उशीर झाला आणि हजेरीच्या अ‍ॅपनं मला गैरहजर दाखवलं, ते वेगळं.

सगळ्यात अवघड गेलं ते गुळाचं. आपल्याकडे कुणी आजारी पडलं की माणसं काहीतरी घेऊन भेटायला येतात. बेगम आजारी, तर माणसं गूळ घेऊन यायला लागली. जिच्या पाठीवरून नवरे आणले, जिला सुवासिनींनी ओवाळून डाळ-गूळ भरवला, ती घोडी उपाशी कशी ठेवायची? बायका टोपलीत भिजवलेला हरभरा आणि वर गुळाचा खडा घेऊन फाटकाशी उभ्या. काकांनी फाटकावर पाटी लावली. पाटी वाचून बायका माझ्या खिडकीकडे वळल्या. एक म्हातारी तर मला म्हणाली, "बाई, तुझ्या हातानं घाल. ड्रायव्हरचं डोस्कं फिरलंय, लेकराला गोड तोडलं." मी तिला उष्णता, खूर, तळवा असं सगळं समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग अर्धाच घालती का?"

काकांनी शेवटी बेगमला मुसकं बांधलं, कुळवाच्या बैलाला बांधतात तसलं. वरच्या आळीतल्या एका आजीबाईंनी ते बघून तोंड फिरवलं. त्यांच्या नातवाच्या लग्नाला काकांनी याच हंगामात घोडी दिली नव्हती, पाय दुखतात म्हणून, आणि ते त्यांनी मनाला लावून घेतलं होतं. "आता आमचा गूळबी चालत न्हाई व्हय?" असं म्हणून त्या गेल्या. गावात कुजबुज झाली की ड्रायव्हर जुनं उकरून काढतोय. काका एवढंच म्हणाले, "पाय दुखून राहिले तिचे. आता ह्याच्यात जुनं काय अन् नवं काय?"

आणि एवढं करून बेगम पुन्हा खाली बसली. एप्रिलमध्ये. आदल्या आठवड्यात ती मुरमावरून खडखडीत चालली होती. काका स्टँडवर जाऊन बँडवाल्याला सांगूनही आले होते. आणि सकाळी बघतो तर पुढचे पाय लांब करून, मागच्या पायांवर भार टाकून घामाघूम उभी. मग बसलीच. डॉक्टरीणबाई आल्या, खुराला हात लावला, म्हणाल्या, "कुणीतरी गोड घातलंय. चांगलं भरपूर."

काका माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "काका, शप्पथ नाही घातलं."

काकू चुलीपाशी होत्या. उठल्या, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "मी घातली. गुळाची पोळी. पोराच्या लग्नाचा पहिला गोडाधोडाचा सैपाक होता. घरात सगळ्यांनी खाल्लं. तिला कसं वगळू? तुमीच सांगा, कसं वगळू?"

मला वाटलं आता भांडण होणार, मी खोलीत जायला निघाले. पण काकू डोळ्याला पदर लावून पायरीवर टेकल्या तसे तेही शेजारी बसले. मग काका त्यांना म्हणाले, "रडू नगा. आता काय, थांबायचं." 'रडू नगा' म्हणाले. मी ऐकलं.

त्यानंतर जो तो सल्ले द्यायला यायचा. नालबंद म्हणाला, एका दिवसापुरते नाल ठोकून देतो, सुई मारून घ्या, तिला कळायचंसुद्धा न्हाई. बँडवाला तेच म्हणाला. पोरगा पुण्याहून आला. शहाणा मुलगा, कारखान्यात सुपरवायझर, बापासारखाच कमी बोलणारा. तोही एकदा म्हणाला, "बाबा, फक्त आळीपुरतं. आळी संपली की मी उतरतो." काका म्हणाले, "तूबी उतरतो म्हणतो?" पोराला काही समजलं नाही. त्याला ती गोष्ट कुणी सांगितलीच नव्हती. "न्हाई," काका म्हणाले. "सुई मारली की दुखायचं थांबतं, बिघडायचं थांबत न्हाई. ब्रेक फेल गाडीचा दिवा काढून टाकला म्हणजे ब्रेक लागतो का? तू चालत जा. पर बँड जोरात लाव."

वरच्या आळीतूनच एकानं आपली उघडी जीप देऊ केली. पोरानं ती नाकारली, चालतच जाईन म्हणाला.

आता अडचण एकच राहिली, आणि ती आमच्या कुणाच्या डोक्यात आली नव्हती. बेगमचा तबेला वरच्या आळीला पाठ लावून. आणि बेगम आयुष्यभर बँडवर नाचलेली. लग्नाच्या आठेक दिवस आधी दुसऱ्या कुणाची वरात तिकडून गेली. बँडचा पहिला ठोका पडला आणि ही, जी पाणी प्यायलासुद्धा कशीबशी उठायची, ती कान टवकारून उभी राहिली आणि पुढचे पाय उचलून नाचायला लागली. तबेल्यात एकटीच, मुसकं बांधलेली. काका धावले, मीही धावले, तोंडाची म्होरकी धरून दोघं लोंबकळलो. ती थांबेना. वरात लांब गेली तेव्हा थांबली. दोन दिवस तिनं पाय टेकला नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं पुन्हा झालं तर आतलं हाड सुटेल, मग मी काही करू शकणार नाही. तिला कुठं दुसरीकडे न्यावं म्हटलं तर शेतापर्यंत चालवत नव्हतं आणि टेम्पोच्या हिसक्यांत उभं राहवत नव्हतं. कानात कापूस घातला, तिनं झटकून टाकला.

"मी धरतो तिला," काका म्हणाले. "वरात आळीतून जाईपर्यंत मी तबेल्यात थांबतो. तुमी सगळे जा."

काकूंनी कपाळावर हात मारला. "पोराची वरात बापानं बघायची न्हाई?"

"ऐकू येईल की," काका म्हणाले.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे जीव टांगणीला नको. बेगम बरी झाली. त्याला वर्षाच्या वर लागलं. पुढच्या हिवाळ्यात मी तिला बिननालाची, खडीच्या रस्त्यावरून काकांच्या मागे टपटप जाताना बघितलं, टाच आधी टेकत. नंतर माझी बदली झाली. आता दुसऱ्या गावात, दुसऱ्या खोलीत आहे, तितकीच थकलेली. पण काका म्हटलं की मला ती लग्नाची सकाळ आठवते.

पाहुण्यांनी घर भरलेलं. पांढरे शुभ्र कपडे, मुलं, फुगे. विहारात वंदना झाली आणि वरात निघाली. घरी उरलो काका, बेगम आणि मी. मी म्हटलं, मी थांबते, एका माणसाला आवरायची नाही. खरं म्हणजे उन्हात चालायचं माझ्या जिवावर आलं होतं. काकांनी नवीन सदरा घातला होता, बूट चकचकीत होते. बेगमच्या पायाखाली त्यांनी पहाटेच वाळू जाड पसरली होती. म्होरकी दोन्ही हातांत गुंडाळून ते उभे राहिले. मी दुसऱ्या बाजूला.

लांबून बँड ऐकू यायला लागला. बेगमचे कान उभे राहिले. काकांनी तिच्या मानेवर हात ठेवला. आवाज जवळ आला, ढोल, पिपाणी, पोरांच्या शिट्ट्या. तिच्या अंगावरून काटा गेल्यासारखी लहर गेली. डावा पाय उचलला गेला. काकांचं तोंड मात्र उजळलं होतं. दोन्ही एकदम चाललं होतं त्यांचं. घोडीला खाली दाबत होते आणि कान वरातीकडे.

"वळणापाशी आले," ते मला म्हणाले. "आता आळीत शिरतील."

आणि बँड थांबला.

एकदम. ठोका अर्धवट सोडून. मला क्षणभर वाटलं काही वाहन आडवं आलं. मग भिंतीपलीकडून पोराचा आवाज आला, कुणाला तरी सांगत होता, "न्हाई न्हाई, आळी संपेपर्यंत वाजवायचं न्हाई. स्टँडवर गेल्यावर लावा. इकडं आमची घोडी हाय."

आणि मग नुसते पाय. शंभर दोनशे माणसांचे पाय, मुकाट्यानं, वरच्या आळीतून.

काकांचा चेहरा मी असा कधी बघितला नव्हता. पांढराफटक पडला. "बंद काहून केला?" ते म्हणाले. "कुणी सांगितलं त्याला? मॅडम, जा. पळत जा. वाजवा म्हणा. काय व्हायचं ते होऊ द्या, वाजवा म्हणा!"

मी पळाले. वयाला न शोभेल अशी पळाले. फाटकाची कडी काढली. पलीकडून गुळावरून रुसलेल्या त्या आजीबाईंचा आवाज आला, त्यांच्या ओट्यावरून, कुणाला तरी विचारत होत्या, "बाजा काहून बंद केला गं? कुणी काही म्हणालं का त्यास्नी?" काकांनीही ते ऐकलं असणार. गाव काय समजणार हे त्या एका प्रश्नात होतं.

"मॅडम."

मी मागे वळले.

"राहू द्या," काका म्हणाले. त्यांची नजर बेगमच्या उचललेल्या पायावर होती.

मी कडी धरून तशीच उभी राहिले. वरात भिंतीला लागून चालली होती. चपला घासल्याचा, साड्यांचा, एखाद्या लेकराच्या रडण्याचा आवाज, बस. बेगमनं उचललेला पाय खाली ठेवला. कान खाली पडले. तिनं मान लांब करून कडब्याची एक काडी ओढली आणि चघळायला लागली. मग काका रडले. म्होरकी हातात, तोंड तिच्या मानेत खुपसून, खांदे हलत होते, आवाज मात्र नाही. पलीकडून त्यांचं पोरगं चालत जात होतं, बापाच्या घोडीसाठी गप्प राहून, आणि आपण काय केलं याचा त्याला पत्ता नव्हता.

पाय लांब जायला लागले तेव्हा काकांनी तोंड वर केलं आणि घोडीला म्हणाले, "देखो बाईसाहेब. आपके वास्ते रुक्या है बाजा. आपके वास्ते. आज और किसीके वास्ते न्हाई."